मुद्दाम उगवलेलं तण

"मॅडम, हे काय आहे?" शिंदे सरांनी विचारलं.

"तण आहे, सर."

"ते मलाही दिसतंय. काढलं का नाही?"

"आम्हीच उगवू दिलंय."

शिंदे सर आमचे ॲडमिन मॅनेजर. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा वाफ्यांकडे. वाफे हिरवेगार होते आणि त्यात भाजीचं एक रोप नव्हतं. हेड ऑफिसचे मोठे साहेब पुढच्या आठवड्यात यायचे होते. ती व्हिजिट प्रीपोन झाली होती. ते उद्याच येणार होते.

वळ गावातल्या एका वेअरहाऊसमध्ये मी गार्डन सुपरवायझर आहे. गोदामामागे कॅन्टीनसाठी भाजीची बाग आहे. पावसाळ्यात तिथे इतकं तण माजलं की भेंडी शोधावी लागत होती. तणनाशक मारायची सोय नाही, कारण गोदामात खाण्याचा माल असतो आणि तसली औषधं गेटच्या आत आणायला बंदी आहे. शेवटी कुणीतरी सुचवलं, बाग काढून तिथे ट्रक पार्किंग करू. मोठे साहेब जागा बघून ठरवणार होते. बाग गेली असती तर मला दुसरी साइट मिळाली असती. खारबावहून बागेत कामाला येणाऱ्या हिराबाई मावशी आणि त्यांच्या दोन जोडीदारणींना मिळाली नसती. ते काही केल्या डोक्यातून जात नव्हतं.

म्हणून मी एक जुनी पद्धत धरली होती. वाफे तयार करायचे, पाणी द्यायचं, पण भाजी पेरायची नाही. जमिनीच्या वरच्या थरात तणाचं जे बी असतं ते आधी उगवू द्यायचं. दोन-चार पानांवर आलं की खुरपं आडवं धरून वरच्या वर खरवडायचं आणि मग भाजी पेरायची. माती मात्र खणायची नाही. खणली की खालचं झोपलेलं बी वर येतं आणि सगळं पहिल्यापासून.

अडचण एकच होती, आभाळाची. खरवडलेलं तण उन्हात सुकायला हवं. ओल्या मातीत ते पुन्हा मूळ धरतं. आणि दोन दिवस आभाळ गच्च भरून, मधूनच भुरभुर.

"बाय, काढू का आता?" मावशी सकाळपासून तिसऱ्यांदा विचारत होत्या. "उद्या सायेब येनार हाय ना?"

"ऊन पडू द्या, मावशी."

"ऊन न्हाय पडलं तं?"

मी खुरप्यांना धार लावायला घेतली.

दुपारी गेटवरून फोन आला. शिंदे सरांनी परस्पर पॉवर टिलर मागवला होता. मी धावत गेले तोवर टिलर पहिल्या वाफ्याच्या कडेला उभा होता.

"साहब ने बोला है, पूरा पलटी मारने का," टिलरवाला म्हणाला.

"रुको भाई, एक मिनट." मी तिथूनच सरांना फोन लावला. म्हटलं, आज माती उलटली तर उद्या बाग स्वच्छ दिसेल, पण पंधरवड्यात याच्या दुप्पट तण येईल.

"उद्या काही झालं तर नाव तुमचं," सर म्हणाले. टिलर परत गेला. रात्री मी दोनदा उठून आभाळ बघितलं.

सकाळी ऊन नव्हतंच. साहेब आले, गोदाम बघून मागे आले आणि वाफ्यापाशी थांबले.

"वा, चांगलं उगवलंय. काय लावलंय?"

"पालक, सर," शिंदे सर म्हणाले.

शिंदे सर बिचारे बाग वाचवायलाच खोटं बोलले होते. मी गप्प बसले असते तर तो दिवस निभावला असता. पण दोन दिवसांनी मी तोच पालक उपटून टाकणार होते.

"सर, पालक नाही. तण आहे." मग एका दमात सगळं सांगून टाकलं. शिंदे सर बुटांकडे बघत होते.

"म्हणजे आणखी काही दिवस हे असंच राहणार?" साहेबांनी विचारलं.

"असंच नाही, सर. वाढेल."

"आणि ऊन नाही पडलं तर?"

"मग माझं चुकलं."

साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "महिन्याने फोटो पाठवा. मग ठरवू," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कडक ऊन पडलं. आम्ही चौघींनी एका बैठकीत सगळं खरवडलं. मुळा, मेथी आणि खराखुरा पालक पेरला. रोपं वर आल्यावर ओळींच्या मधे भाताचा पेंढा अंथरला आणि पायवाटांवर गोदामातले पुठ्ठे, चिकटपट्टी सोलून. लव्हाळा मात्र पुठ्ठा फोडूनही वर आला, त्याला काही इलाज चालत नाही. तो मावशी अजून जमिनीतल्या गाठीसकट काढतात. बाकी वाफे बऱ्यापैकी स्वच्छ राहिले. फोटो गेला आणि पार्किंग गेटच्या पलीकडे झालं.

आता पाहुणे आले की शिंदे सर त्यांना स्वतः बाग दाखवतात. "तण आधी उगवू द्यायचं असतं," असं जाणकारासारखं सांगतात. मी मागे उभी राहून मान डोलावते. आणि दर हंगामात पाणी सोडण्याआधी त्यांना मेल टाकते, की वाफ्यात आधी तणच दिसेल. गोष्ट आधी सांगितली तर ती पद्धत असते. नंतर सांगितली की तीच सबब होते.