रांजणातून आलेली हवा

त्या वैशाखात जऊळक्याच्या आमच्या टिनाच्या घरात भिंतीला हात लावला तरी चटका बसायचा. आमची एकुलती एक पोर तापानं फणफणली होती. वाशीमहून आणलेले डॉक्टर म्हणाले, "छातीत कफ भरला हाये. ओल लागू देऊ नका, अन् गर्मीतही ठेवू नका." सांगणाऱ्याचं काय जातं. वाळ्याची ओली तट्टी लावायची नाही, तर वैशाखात गारवा आणायचा कुठून?

माझे घरधनी लोहार. त्यांनी भट्टी विझवली आणि कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भंगारातून तांब्याची लांब नळी आणली. वाकवताना चेपू नये म्हणून तिच्यात वाळू ठासली, वेटोळं केलं, मग वाळू झटकून काढली. वेटोळं पाण्याच्या रांजणात बुडवलं. नळीचं एक तोंड भात्याला, दुसरं पोरीच्या खाटेकडे.

"पानी रांजनातच राहीन. हवा तेवढी थंडी होऊन येईन," ते म्हणाले.

मला हसू आलं. पण त्यांनी भाता दाबला आणि खरंच गार, कोरडी झुळूक आली. पोरीनं डोळे उघडले. "माय, बरं वाटते," म्हणाली. त्या संध्याकाळी मी वेड्यासारखी आशा धरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताप पुन्हा चढला. रांजणातलं पाणी कोमट झालं होतं. विहिरीचा तळ दिसत होता. गाळासकट घागर भरून आणावी, तोवर आधी ओतलेलं तापलेलं असायचं. पोरीला धाप लागली तसे ते जोरजोरात भाता मारू लागले. जन्मभर लोखंड तापवलेला हात तो. घाई झाली की जोर लावायचा, एवढंच त्याला ठाऊक. हवा नळीत ठरेचना. आत शिरली तशीच गरम बाहेर पडू लागली.

"हळू मारा न. गरम हवा येऊन राह्यली," मी म्हटलं.

त्यांनी हात आवरला. हवा गार झाली, पण इतकी बारीक की खाटेपर्यंत पोचेना. पुन्हा जोर, पुन्हा गरम. मला त्यांचा राग आला, रांजणाचा आला, डॉक्टरांचा आला. देवाचं तर नावच नको.

मग तिची धाप थांबली. मी छातीवर हात ठेवला, नाकाशी बोट धरलं. काहीच नव्हतं.

"आता राहू द्या," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली नाही. भाता चालूच होता. "पानी गरम झालं," ते म्हणाले. "दुसरं घेऊन ये."

मी घागर उचलली आणि विहिरीवर गेले.