खानमचा सेगाह

इकडे परदेशात, ट्रुगानिना या उपनगरात, आमच्या मागच्या कुंपणापलीकडे एक अझरबैजानी जोडपं त्यांच्या मुलीकडे राहतं. दोघंही सत्तरीच्या पुढची. त्यातले गृहस्थ बाकूच्या एका संगीतशाळेत तार शिकवायचे. तार हे अख्ख्या वाद्याचंच नाव आहे. तुतीच्या लाकडाचं मध्ये चिमटलेलं खोड, त्यावर बैलाच्या हृदयावरचं पातळ कातडं ताणलेलं, वर अकरा तारा. ते मांडीवर घेत नाहीत, छातीशी आडवं धरतात. त्यांच्या पत्नी गायच्या. लग्नांत, घरगुती बैठकांत. रेडिओवर त्या कधी गेल्या नाहीत.

मी लहानपणी पुण्यात सहा वर्षं सतार शिकलो आणि दहावीला सोडली. एका शनिवारी दुपारी कपडे वाळत घालताना पलीकडून तारचा आवाज आला, आणि मी ओला टॉवेल हातात घेऊन तसाच उभा राहिलो. मग आमच्या हिने केलेल्या नारळाच्या वड्या घेऊन त्यांच्याकडे गेलो. मी नखीला मिजराब म्हणालो, तर ते हसले. त्यांच्याकडेही जवळपास तोच शब्द. तेवढ्यावर ओळख झाली. बाकीचं बोलणं त्यांची मुलगी इंग्रजीत करून सांगायची. त्यांना मी मुअल्लिम म्हणायला लागलो, म्हणजे मास्तर, आणि बाईंना खानम. तिकडे तसंच म्हणतात.

दोन वर्षं मी बहुतेक रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मुगाम ऐकला. आपल्या रागासारखंच काहीसं: वाट ठरलेली, चालायचं आपापलं. खानम गावाल नावाचा डफ चेहऱ्याजवळ धरायच्या आणि त्याच्या आडून गायच्या. एक ओळ गाऊन थांबल्या की तार तीच ओळ आपल्या परीने परत म्हणायची. त्याला ते जवाब म्हणतात. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे फडावर सवाल-जवाब असतात. मुअल्लिमांना ते फार आवडलं. खानमचा आवाज वरच्या पट्टीत गेला की गळ्यात एक थरथर यायची, बारीक घंटा हलल्यासारखी. ती मी दुसरीकडे कुठे ऐकली नाही.

मागच्या हिवाळ्यात त्यांचा आवाज बसला आणि उठेचना. तपासण्या झाल्या. स्वरयंत्रात गाठ होती, स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. सर्जरी मंगळवारी ठरली. आदल्या गुरुवारी मुलगी कुंपणाशी आली. आईचं एकही धड रेकॉर्डिंग नाही, म्हणाली. बाकूच्या कॅसेट घर बदलताना गेल्या, फोनवर आहेत ते वाढदिवसाचे गोंगाट. तू कॉम्प्युटरवाला आहेस, तुला जमेल का?

मी हो म्हणालो. मला किती बरं वाटलं होतं ते अजून आठवतं.

ऑफिसातल्या एका गिटारवाल्या मित्राकडून सामान आणलं. एक बटणाएवढा माइक थेट तारच्या लाकडाला चिकटवायचा. तो हवेतला आवाज जवळजवळ घेतच नाही, फक्त वाद्याचं कंपन घेतो. दुसरा चांगला माइक खानमसमोर. रविवारी सकाळी सगळं मांडलं. चाचणीसाठी मुअल्लिमांनी वाजवून दाखवलं. खानमनी मानेनेच नकार दिला. मुलगी म्हणाली, आईचं म्हणणं आहे, गळा एकदाच देईल, तो चाचणीत घालवायचा नाही. मला ते पटलं. लॅपटॉपच्या पडद्यावर रेघ उड्या मारत होती, मी ठीक आहे अशी खूण केली.

त्यांनी सेगाह गायला. दुखऱ्या, विरहाच्या गाण्यांचा तो मुगाम. सुरुवातीला आवाज फाटका होता, मग कुठून तरी उघडत गेला. वरच्या पट्टीत शिरल्या तेव्हा मी डोळे मिटले. पडद्याकडे बघायचं माझं काम होतं आणि मी डोळे मिटून बसलो होतो. अठरा मिनिटांनी त्यांनी गावाल मांडीवर ठेवला. मुअल्लिम उठून चहा ठेवायला गेले.

फाइल सेव्ह केली आणि घरी आलो. ती त्या दिवशी ऐकली नाही, सोमवारीही नाही. घाई कशाची, असं वाटलं. बुधवारी, सर्जरी नीट पार पडल्याचा मेसेज आल्यावर, हेडफोन लावले.

फक्त तार होती. एक ओळ वाजायची, मग रिकामं, मग पुन्हा एक ओळ. खानमच्या माइकला वेगळी वीज लागते, ती सुरू करायचं एक छोटं बटण असतं. ते मी दाबलंच नव्हतं. पडद्यावर एकच रेघ हलत होती आणि तीच मी दोघांची धरली होती.

रविवारी संध्याकाळी ऐकलं असतं, तर मधला अख्खा सोमवार होता.

आवाज खूप वाढवला, तेव्हा तारच्या दोन ओळींमध्ये काहीतरी सापडलं. खानम गात होत्या तेव्हा समोरच्या तारचं कातडं त्यांच्या आवाजाने किंचित हललं असणार. दोन घरं सोडून कोणी गात असावं एवढं. तीन आठवडे मी त्याच्या मागे होतो. आवाज वेगळे करणारी आजकालची सगळी सॉफ्टवेअर लावून पाहिली. ती तार छान उचलायची आणि खानमना खरखर समजून पुसून टाकायची.

शेवटी मुलीला सांगितलं. ती सवयीने "नो वरीज" म्हणाली, आणि मग कुंपणाला धरून रडायला लागली. मी अलीकडे उभा होतो. वडिलांना तूच सांग, म्हणाली.

खानम घरी आल्या होत्या. गळ्यावर रुमाल, हातात पाटी. मी त्याच स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून काय झालं ते सांगितलं, काहीही न लपवता. मग लावून दाखवलं. मुअल्लिम स्पीकरला कान लावून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी लेकीला काहीतरी विचारलं.

"बाबा विचारतायत, तार काढून टाकता येईल का? फक्त आई ठेव."

मी सांगितलं की नाही येत. जे काही उरलंय ते तारच्या कातड्यातच आहे. तार काढली तर खानमही जातात. मुलीने ते सांगितलं. ते मान हलवत राहिले, समजल्यासारखे, आणि थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा तेच विचारलं.

खानमनी पाटीवर लिहिलं. मुलीने वाचलं, "त्या दिवशी वरचा सूर लागलाच नव्हता. गेलं ते बरं झालं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. तो सूर लागला होता. मी ऐकला होता. पण आता ते कुणाला दाखवणार, आणि त्यांच्यासमोर तरी कशाला हट्ट धरू?

मी अजूनही रविवारी जातो. चहा होतो, बरोबर गोड मुरंबा असतो. कधी मुअल्लिम वाजवतात, कधी वाजवत नाहीत. गेल्या रविवारी निघताना त्यांनी दारात माझा दंड धरला आणि आता त्यांना येतं तेवढ्या इंग्रजीत विचारलं, नवीन सॉफ्टवेअर आलं का. बघतो, म्हणालो. येणार नाही हे मला माहीत आहे. त्यांनी माझा हात दाबला आणि थँक्यू म्हणाले.