पॉकेटच्या तोंडावरची पांढरी

कॅरमचा बोर्ड दिसला की मला अजून शिसारी येते. लोक हसतात. एवढा निरुपद्रवी खेळ, त्यात शिसारी कसली! हसू देत. त्यांनी आमच्या गावची फायनल पाहिलेली नाही.

पंचाहत्तर-शहात्तर साल असेल. दौंड तालुक्यातल्या आमच्या गावात बोर्ड एकच, तरुण मंडळाचा. गणपतीत स्पर्धा व्हायची आणि जिंकेल त्याच्या आळीत बोर्ड वर्षभर राहायचा. म्हणजे वरच्या आळीतच. आमच्या बौद्धवाड्यातली पोरं फळकुटावर बाटल्यांची बुचं ढकलून नेम शिकायची. त्या वर्षी माझा थोरला भाऊ फायनलला पोचला. तो दौंडला रेल्वेत गँगमन होता. तिथल्या क्वार्टरांत खेळून खेळून त्याचं बोट तयार झालं होतं. आता बोर्ड वाड्यात येणार म्हणून आयाबायासुद्धा शाळेच्या पटांगणात येऊन बसल्या.

समोर वरच्या आळीतल्या बागाईतदाराचा मुलगा. त्यानं स्वतःचा वेगळा स्ट्रायकर आणला होता. ‘हाताला बसलाय’ म्हणाला. आम्ही भाबडे, खरं मानलं.

शेवटी भावाची एक पांढरी उरली, समोरच्याची एक काळी. भावानं मारलं. स्ट्रायकर पॉकेटच्या तोंडावर जाऊन थांबला आणि कडेला आपटून परत आलेली पांढरी त्याच्यावर चढून बसली. निम्मी स्ट्रायकरवर, निम्मी भोकावर, तिरकी. सगळे उठून उभे राहिले. आमच्याकडचा नियम असा, की अशा वेळी समोरच्यानं बोटांनी स्ट्रायकर हळूच काढायचा. सोंगटी आत पडली तर मारणाऱ्याची. सकाळीच वरच्या आळीतल्या दोघांत असं झालं होतं आणि तसाच निकाल लागला होता.

बागाईतदाराच्या मुलानं हात पुढं केला आणि थांबला. मग खिशातून रुमाल काढून बोटांना गुंडाळला. सोंगट्यांना खेळणाऱ्याचं बोट लागत नाही, लागतं ते स्ट्रायकरला. त्याचा स्ट्रायकर वेगळा का होता, ते मला तेव्हा कळलं.

रुमालाचा घोळ पांढरीला लागला, आणि ती स्ट्रायकरबरोबर ओढली जाऊन बोर्डावर आली.

“आप्पा, रुमालानं वढली ती,” भाऊ पंचांना म्हणाला. “हातानं स्ट्रायकर काढला असता तर पडली असती.”

पंचांनी पाहिलं होतं. सगळ्यांनीच पाहिलं होतं. “पडली न्हाई ना? मग न्हाई पडली. रुमाल नगं, आसं कुठं ठरलंय?” एवढं बोलून ते पान चघळत राहिले. त्या लाल, ओल्या, निवांत तोंडाची किळस अजून गेलेली नाही. पुढच्याच फटक्याला काळी आत गेली. टाळ्या पडल्या. आमच्यातल्याही दोघांनी वाजवल्या. त्यांचा तर जास्तच संताप आला.

बोर्ड सागवानी, जड. वरच्या आळीपर्यंत न्यायचा होता. बागाईतदाराच्या मुलानं एक बाजू उचलली आणि काहीच घडलं नसल्यासारखा भावाला म्हणाला, “ए, तिकडनं जरा धर की.”

भाऊ हात झटकत उठला. “रुमाल हाय न्हवं तुज्याकडं? त्येनं धर.”

बोर्ड वरच्या आळीतच गेला. पण वाड्याकडं परतताना बोर्डाऐवजी सगळे भावाच्या त्या ‘तुज्याकडं’बद्दलच बोलत होते. वरच्या आळीतल्या माणसाला तोंडावर अरे-तुरे केलेलं आमच्यापैकी कोणीच याआधी ऐकलं नव्हतं.