डोमाजीच्या आवाजात दिलेली हाजरी

हे माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेलं नाही. पत्रकं लिहिली, सभा गाजवल्या, अर्ध्या जिल्ह्याच्या भिंती गेरूनं रंगवल्या — सगळीकडे दुसऱ्यांचे गुन्हे. माझा गुन्हा एकाही भिंतीवर नाही. तुम्ही ते पिवळ्या कागदावरचं पत्रक वाचलं असेल — 'मजुराला जमिनीखाली कोंडून गोरे जेवायला गेले!' चिखल्यापासून लाखनीपर्यंत वाटलं होतं. लोकांनी घडी घालून खिशात ठेवलं होतं. त्या पत्रकातलं एक वाक्य खोटं आहे. आणि बाकीचं सगळं पत्रक त्या एका वाक्यावर उभं आहे — मग खरं काय उरलं?

सरळ सांगतो. म्हणजे, प्रयत्न करतो.

मी कोंढ्याचा, धानाच्या शेतीतला. कॉलेज अर्धं सोडून संघटनेत आलो आणि चिखल्याच्या मँगनीज खाणीतल्या मजुरांत काम करू लागलो. तिथं डोमाजी होता. चाळिशी ओलांडलेला, वीस वर्षं खाणीखाली गेलेला माणूस. त्याचं काम छत ठोकून पाहायचं — सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, वर मारायची आणि कान लावायचा. आवाज खणखणीत आला तर पक्कं, भद्द आला तर माणसं मागे घ्या. त्याच्या कानावर शंभर माणसं भरवसा ठेवून खाली उतरत.

त्या जुन्या मजुरांचा एक रिवाज होता. खाली असताना दुसऱ्याची हाजरी द्यायची नाही. थट्टेतसुद्धा नाही. आणि कधी तुमच्या नावाला खाली दुसऱ्याच कुणी ओ दिली, तर तोंड उघडायचं नाही, गप बसायचं. तुम्ही बोललात की त्याला तुमची जागा कळते. तो तुमच्या जागी वर जातो आणि तुम्ही खाली राहता. मला हे ऐकून संताप आला होता. मालक यांना भुतांच्या भरवशावर खाली सोडतो आणि हे भुतांनाच भितात! मी त्यावर पत्रक काढलं, चौकात नाटुकलं बसवलं. त्यात मी स्वतः डोमाजी व्हायचो. मला आवाज काढता येतात. टाइमकीपरचा, मॅनेजरचा — आणि डोमाजीचा तर असा, की त्याची बायकोसुद्धा पदर तोंडाला लावून हसली होती. डोमाजी हसला नव्हता. "भाऊ, वर कर तुले जे करायचं ते. खाली नोको करू," एवढंच म्हणाला.

हे तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. मला माहीत नव्हतं, असं मला म्हणता येणार नाही.

मग तो दौरा आला. माल्टा बेटावर कामगार-तरुणांचं संमेलन होतं, खर्च यजमानांचा. संघटनेला दोन माणसं पाठवायची होती — एक बोलणारा, एक दाखवायचा. बोलणारा मी. दाखवायचा खरा मजूर म्हणून डोमाजी. हे शब्द तेव्हा कुणी असे वापरले नाहीत, पण अर्थ हाच होता. संमेलन संपल्यावर यजमानांनी चार दिवस बेटावरची जुनी गावं दाखवायला नेलं. आम्ही निरनिराळ्या देशांची एकोणीस माणसं, एक बस आणि कारमेनू नावाचा गाइड — पन्नाशीचा, हातात मिटलेली हिरवी छत्री. त्यानं प्रत्येकाला नंबर दिला. माझा दहा, डोमाजीचा अकरा. कुठूनही निघताना तो नंबर पुकारायचा आणि ज्यानं त्यानं आपला नंबर ओरडायचा. डोमाजीला हे फार आवडलं. हाजरीच ती, त्याला घरच्यासारखं वाटलं. इंग्रजी त्याला येत नव्हतं, पण तो एक शब्द त्यानं घोकून घोकून तयार केला. 'इल्लेवन' — ल वर जोर देऊन, खाणीत ओरडतात तसा. सगळी बस हसायची. तोही हसायचा.

पहिल्या दिवशी राजधानी पाहिली, दुसऱ्या दिवशी बंदरापलीकडचं किल्ल्यांचं गाव. सगळं पिवळ्या मऊ दगडाचं. मला त्या देवळां-वाड्यांची चीडच होती. कुणाच्या घामावर, कुणाच्या पाठीवर — मी कारमेनूला भर रस्त्यात असले प्रश्न विचारायचो. तो शांतपणे म्हणायचा, माझे आजोबा दगड फोडायचे. मी ते कधी ऐकून घेतलं नाही. डोमाजी मात्र भिंतींना हात लावत चालायचा. "हातोडीचं काम हाये भाऊ. पाह्य, टाकीचे घाव कसे एका रांगेत हायेत."

तिसऱ्या दिवशी तटबंदीतलं एक जुनं गाव. रस्त्यात माणूस नाही, दारं बंद, आपल्याच चपलांचा आवाज मागून येतो. त्या गावाबाहेर जमिनीखाली थडगी होती. पायऱ्या उतरून गेलं की दगडात कोरलेल्या खोल्याच खोल्या, भिंतीत माणसाच्या मापाचे कोनाडे, लहान मुलांच्या मापाचेही. एका खोलीत दगडातच कोरलेलं गोल टेबल. मेलेल्यांचे नातेवाईक तिथं बसून जेवत असत, असं कारमेनूनं सांगितलं. मी डोमाजीला मराठीत सांगितलं. तो म्हणाला, "मंग आपल्यासारखेच म्हना की." आणि वर पाहून बोटाच्या पेरानं छत ठोकलं. कान लावला. पुढच्या खोलीत गेला, पुन्हा ठोकलं. सवयच ती. मी त्याला जाताना पाहिलं. हेही लिहून ठेवतो — पाहिलं.

पावणेपाच वाजले. संध्याकाळी हॉटेलात पाहुण्यांसमोर माझं भाषण होतं, विषय खाणकामगारांची सुरक्षितता. डोक्यात तेच घोळत होतं. खालीच, पायऱ्यांच्या तळाशी अंधुक उजेडात आम्ही उभे, कारमेनू नंबर पुकारतोय. आठ. नऊ. मी दहा दिला. मग त्यानं अकरा पुकारला. उत्तर नाही. पुन्हा पुकारला. कुणीतरी उसासा टाकला. मला वाटलं — काय वाटलं? येईलच, वाटलं. उशीर होतोय, वाटलं. आणि थोडं, अगदी थोडं, हेही वाटलं की गंमत येईल. मी तोंड भिंतीकडे केलं आणि डोमाजीच्या आवाजात ओरडलो —

"इल्लेवन!"

सगळे हसले. कारमेनूनं खूण केली आणि बारा पुकारला.

बस सुटली तेव्हा माझ्या शेजारची जागा रिकामी होती. मागे वळून पाहिलं. मागेही नव्हता. बस तटाला वळसा घालत होती. एक शब्द पुरला असता — थांबा. तो मी का म्हटला नाही? म्हटला असता तर पुढचा प्रश्न होता, अकरा कोण म्हणालं? एवढंच. यापेक्षा मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही. वीस वर्षं खाणीत गेलेला माणूस, त्याला अंधाराचं काय, असं मी मनात म्हणालो. राखणदार असेलच, असंही म्हणालो. राखणदार आमच्या मागोमाग दिवे मालवून, कुलूप लावून घरी गेला होता. जेवणाच्या वेळी एका बाईंनी विचारलं, तुमचा मित्र कुठाय? मी म्हणालो, डोकं दुखतंय, खोलीत पडलाय. मग उठून भाषण केलं. मजूर म्हणजे नंबर नव्हे, असं एक वाक्य त्यात होतं. त्याला टाळ्या पडल्या.

सकाळी राखणदारानं कुलूप काढलं आणि हॉटेलात फोन आला. आम्ही सगळे बसमधून धावलो. डोमाजी त्या गोल दगडी टेबलापाशी बसला होता. मांडी घालून, हात गुडघ्यांवर. रडलेला नाही, भेदरलेला नाही. लोक त्याच्याभोवती गोळा झाले, कुणी पाणी दिलं, कुणी कोट टाकला. त्यानं एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हिशेब लावल्यासारखं, कुणीतरी शोधल्यासारखं. मग मला हळूच विचारलं,

"भाऊ, काल वर कोन आला?"

मी म्हणालो, "म्हंजे?"

"मी आतच होतो. येऊनच राहिलो होतो. तं अकरा म्हनलं कोनी. माह्याच आवाजात, भाऊ. माह्या तोंडातून निंगावा तसा. मंग मी चूप बसलो. बोल्लो असतो तं त्याले समजलं असतं न, मी कुठी हावो."

सोळा तास. कुलूप लागताना ऐकलं, दिवे गेले, आणि हा माणूस ओरडला नाही. ओरडला असता तर राखणदाराला ऐकू गेलं असतं. तो रिवाज पाळत बसला — ज्याची मी चौकात टिंगल केली होती तो.

सगळे मला विचारू लागले, काय म्हणतोय, काय म्हणतोय? मराठी कळणारा तिथं मी एकटा. मी इंग्रजीत सांगितलं, "तो म्हणतो, मी आतून माझा नंबर ओरडलो होतो. पण मी दिसतोय की नाही, हे कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही."

हेच ते वाक्य. पत्रकातलं.

कारमेनू म्हणाला, आवाज आतून नव्हता, जवळून होता. माझ्याकडे पाहत म्हणाला. मी त्याला पुढं बोलू दिलं नाही. मला कुठं घाव घालायचा ते शिकवलेलं आहे. ऐकलंस, पण पाहिलंस का? काळी माणसं तुम्हाला सारखीच दिसतात का? एक-दोघांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. जेवणाच्या वेळच्या त्या बाईंना मी सांगितलं, त्याच्या खोलीचं दार बंद होतं, मला वाटलं झोपलाय. यजमानांनी माफी मागितली, आणि त्याच दुपारी छत्री दुसऱ्याच माणसाच्या हातात होती. कारमेनूचं पुढं काय झालं? मी विचारलं नाही. घरी येऊन पत्रक छापलं.

इथवर तरी मला वाटत होतं की हे मिटेल. डोमाजी वर आला ना? जिवंत आहे ना?

चिखल्यात तो कामावर गेला. टाइमकीपरनं नाव पुकारलं, डोमाजी समोर उभा, पण ओ देईना. मान तिरपी करून ऐकत राहिला. कुणीतरी कोपरानं ढोसलं, "ओ दे न बे!" तर म्हणाला, "थांब. तो देते का पायतो." लोक आधी हसले. मग हसायचे थांबले. दोन म्हातारे मजूर त्याच्यासोबत खाली नेणाऱ्या पिंजऱ्यात बसेनात. छत ठोकायचं काम काढून घेतलं गेलं, कारण आता त्याला प्रत्येक ठोक्याला आतून उत्तर येतं म्हणे. वर झाडलोटीला लावलं, तेही त्यानं सोडलं. संघटनेत विषय निघाला तेव्हा मी काय केलं? ठराव मांडला. साम्राज्यवाद्यांनी मनावर केलेल्या आघाताचा निषेध. एकमतानं मंजूर.

एका वाक्याचं काम होतं. 'डोमाजी, तो मी होतो.' त्याला राग आला असता, त्यानं मला मारलं असतं. पण त्याच्या जागी वर आलेला दुसरा कुणी जगात नाही, हे त्याला कळलं असतं. किती वेळा ते वाक्य तोंडात धरून मी चिखल्याच्या गाडीत बसलो. आणि किती वेळा तसाच परत आलो.

मागच्या महिन्यात गेलो होतो. दुपार होती. डोमाजी बाहेर गेला होता, त्याची बायको मनकावयनी घरात तांदूळ निवडत होती. मी सुपाशेजारी बसलो. थोड्या वेळानं अंगणात पावलं वाजली आणि दाराबाहेर थांबली. वयनीनं हातातले तांदूळ सोडले आणि माझ्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं.

बाहेरून डोमाजीनं हाक मारली, "डोमा! हायेस का घरात?"

"रोज असंच करते, भाऊ," वयनी पुटपुटली. "आंदर कोनी हाय का पायते आधी. बोलू नोका."

"डोमा! आला का तू?"

माझ्या आणि त्याच्या मध्ये एक लोटलेलं दार होतं. मी आत होतो. ज्याला तो हाक मारत होता तोच आत बसलेला होता. मला फक्त माझ्या स्वतःच्या आवाजात बोलायचं होतं. वयनी माझ्याकडे पाहत होती. तिला काही ठाऊक होतं का? नसावं. तिनं एवढंच विचारलं, अगदी हळू, "तुमी तं होते न तिथं. कोन बोल्ला होता, भाऊ?"

"मले नाही मालूम, वयनी," मी म्हणालो.

तिसरी हाक झाली. मी गप बसलो. दार ढकलून तो आत आला, मला पाहून त्याचा चेहरा खुलला. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बरं झालं, तू हायेस. आज कोनी नाही बोल्लं." वयनीनं चहा ठेवला. आम्ही तिघांनी चहा घेतला आणि मी लाखनीच्या गाडीची वेळ झाली म्हणून उठलो.