बरगीच्या बेटावरची भाड्याची स्कूटर

इथले अनुभव मी तीन-चार वर्षांपासून वाचते आहे आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसत वाचते. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. कोणी 'दार आपोआप उघडलं' असं लिहिलं की माझ्या डोक्यात आधी बिजागरी येते. घरात देवपूजा आहे, सणवार आहेत, पण भुताखेतांचं आमच्याकडे कोणालाच कौतुक नाही. त्यामुळे हे लिहायला नऊ महिने लागले... आणि लिहूनही दोनदा पुसून टाकलं.

आम्ही जबलपूरचे, चार-पाच पिढ्यांपासून. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, त्यामुळे माझ्या भाषेत काही खटकलं तर सांभाळून घ्या. घरात मी, माझा नवरा प्रशांत आणि माझे बाबा. बाबा शहात्तर वर्षांचे, फॅक्टरीतून रिटायर झालेले. पावणेदोन वर्षांपूर्वी आई गेली आणि मी त्यांना आमच्याकडे घेऊन आले.

आई-बाबांच्या स्कूटरचं आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाबांकडे जुनी गिअरची स्कूटर होती, अठ्ठावीस वर्षं एकच. हिवाळ्यात दोघं पनागरला मटार आणायला जायचे. एकदा आई राहिलेली पिशवी उचलायला खाली उतरली आणि बाबांना वाटलं बसली. तिच्याशी गप्पा मारत हे चांगले दीड किलोमीटर गेले! मागून उत्तर येईना, तर रागावली असेल म्हणून समजूत घालत आणखी थोडे गेले. परत आले तेव्हा आई मटाराच्या पोत्यावर बसून भाजीवालीबरोबर चहा पीत होती. त्या दिवसापासून नियम झाला. आई नीट बसली की बाबांच्या पाठीवर दोन थापा मारणार, त्याशिवाय गाडी हलणार नाही. थांबायचं असेल तर डावा खांदा घट्ट धरणार. आई गेल्यावर महिन्याभरात बाबांनी स्कूटर विकायला काढली. प्रशांत म्हणाला, "बाबा, चांगली चालून राहिली ना, विकता काहून?"

बाबा म्हणाले, "थाप मिळत नाही. गाडी हलवू कशी?"

त्यानंतर ते एकेक गोष्ट सोडत गेले. आधी फिरायला जाणं, मग पेपर, मग पोळी दोनाची एक. तेवढं मी समजू शकत होते. पण डिसेंबरात त्यांनी आपलं घड्याळ प्रशांतला दिलं, हत्यारांची पेटी शेजाऱ्यांना दिली आणि एका संध्याकाळी मला बसवून सगळे कागद कोणत्या फाइलीत आहेत ते दाखवलं. "चलो, हे पण झालं," म्हणाले. अगदी शांतपणे. त्या रात्रीपासून मला धास्ती बसली. बाबा आपणहून काही करून बसतील ही भीती मी प्रशांतलासुद्धा धडपणे सांगितली नव्हती, कारण बोलले तर खरं होईल असं वाटायचं. त्यांना एकटं म्हणून सोडायचं नाही, एवढंच मी ठरवलं होतं.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही त्यांना बरगीला घेऊन गेलो. तिथे धरणाच्या पाण्यात एक दुमजली बोट फिरते, तिला आम्ही सगळे ऐटीत 'क्रूझ' म्हणतो. त्या दिवशीची फेरी मोठी होती. पाण्याच्या मधोमध एक गाव आहे, धरण भरलं तेव्हा टेकडी राहिली आणि तिचं बेट झालं. तिथे बोट दोन तास थांबणार होती. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, तिथल्या लोकांना उगाच त्रास नको.

दीड वाजता उतरलो. धक्क्यावर चार-पाच जुन्या स्कूटरी ओळीने उभ्या. गोहलपूरच्या गॅरेजमधून दुरुस्त करून नावेने आणलेल्या, असं त्या भाड्याने देणाऱ्या बाईंनी अभिमानाने सांगितलं. पन्नाशीच्या होत्या, नाव रामकली. मी आणि प्रशांतने एक बिनगिअरची घेतली. बाबांनी मागे बसावं म्हणून मी जागा करत होते, तोवर ते सरळ एका जुन्या गिअरच्या स्कूटरपाशी जाऊन उभे राहिले.

"मी ही घेतो."

मला इतका आनंद झाला की विचारू नका! वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी काही मागितलं होतं.

रामकलीबाई म्हणाल्या, "बाबूजी, इसका हाथ वाला ब्रेक ढीला है, पैर वाला ही लगाना."

"अच्छा," म्हणाले आणि पहिल्या किकला गाडी चालू केली. पण निघेनात. दोन्ही हात हँडलवर, नजर समोर, आणि तसेच बसून राहिले. प्रशांत माझ्या कानाशी म्हणाला, "गिअर विसरले वाटते." मी त्यांच्या बरोबर मागे होते, आठ-दहा फुटांवर. आणि मी पाहिलं, की स्कूटरचा मागचा भाग खाली बसला. चांगला तीन बोटं दबला, थोडा वर आला आणि स्थिर झाला. मागे कोणी बसलं की जसा दबतो, अगदी तसा. बाबांनी गिअर टाकला आणि निघाले.

मी मनात म्हटलं, चाकाखाली खड्डा असेल. झालं, विसरले.

बेटावर बघायला एक देवीचं देऊळ, थोडी घरं, हरभऱ्याची शेतं आणि सगळीकडून पाणी. बाबा छान चालवत होते. देवळापाशी थांबलो, प्रशांत मागच्या बाजूला फोटो काढायला गेला. बाबा दूर बोट दाखवून म्हणाले, "ती सडक दिसते का? धरण भरायच्या आधी मी अन् तुझी आई इथून गेलो होतो, एका लग्नाला. पलीकडे गाव होतं."

"आता कुठे जाते?"

"कुठेच नाही. पाण्यात जाते."

मी चपला घालायला वळले तेवढ्यात त्यांनी गाडी चालू केली. मी हाक मारली, पण ते थांबले नाहीत. प्रशांतला बोलवायला वेळ नव्हता, मी तशीच दुसरी स्कूटर घेऊन मागे निघाले.

ती सडक मी आयुष्यात विसरणार नाही. जुनं डांबर, दोन्ही कडांना गवत, आणि तीस-चाळीस पावलांचा उतार. खाली ती सरळ पाण्यात शिरते. ना कठडा, ना दगड. डांबर पाण्याखालीसुद्धा थोडं दिसत राहतं आणि मग दिसेनासं होतं. मी वर पोचले तेव्हा बाबा उताराला लागले होते, आणि त्यांचं इंजिन बंद झाल्याचं मला ऐकू आलं. त्यांनी बंद केलं होतं. गाडी नुसती घरंगळत होती आणि वेग वाढत होता.

मला ओरडायचं होतं. महिनाभर जी भीती गिळत आले ती समोर चालली होती, भर दुपारी, लख्ख उन्हात, आणि मी तिथे हँडल धरून उभी. बाबा जरासुद्धा घाबरलेले दिसत नव्हते. पाठ ताठ होती.

पाणी चार-पाच हात राहिलं असेल, तेव्हा गाडी थांबली. घसरली नाही, करकरली नाही, डगमगली नाही. मंद होत होत थांबली. मागचा ब्रेकचा दिवा लागलेला मला दिसला नाही... पण अशा गाडीचा दिवा मुळात लागत असेल याची तरी काय खात्री! बाबांनी पाय टेकले. मग डाव्या खांद्यावरून मान किंचित मागे वळवली आणि म्हणाले, "अगं हो. थांबलो ना."

मला वाटलं माझ्याशी बोलले. पण मी वर उभी होते, उजवीकडे. आणि तेव्हाच स्कूटरचा मागचा भाग पुन्हा वर उचलला गेला, तीन बोटं. बाबा सीटवरच होते.

मी धावत खाली गेले. "बाबा, काय करून राहिले तुम्ही! हे काय करून राहिले!" मी त्यांचा हात इतका घट्ट धरला की नखं लागली.

"काही नाही गं. चल, बोट निघून जाईल."

देवळापाशी प्रशांतला घेऊन धक्क्यावर परत आल्यावर माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी रामकलीबाईंना विचारलं, या गाडीची मागची स्प्रिंग फार मऊ आहे का? त्या हसल्याच. "नरम कहाँ दीदी, शॉकर तो जाम है. लकड़ी का गुटका फँसा रखा है अंदर. इस पर बोरियाँ ढोते हैं ना."

मी वाकून पाहिलं. लाकडाचा ठोकळा होता. दोन्ही हातांनी दाबलं. मग मी स्वतः मागे बसले, पुढे प्रशांत बसला. एक सूतभरही हलली नाही. प्रशांत म्हणाला, "तू काय करून राहिली?" मी काही नाही म्हटलं. त्याला सगळं घरी आल्यावर सांगितलं. त्याचं म्हणणं, ऊन होतं, तू आधीच घाबरलेली होतीस, डोळ्यांना भास झाला. असेलही. पण पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घाबरलेली नव्हते, खूश होते. ते मला अजून सोडवता आलेलं नाही.

त्या दिवसानंतर बाबा एकदम बदलले असं काही झालं नाही. हळूहळू दुसरी पोळी घ्यायला लागले. मी विचारायची हिंमत करत नव्हते. होळीच्या आदल्या दिवशी ते गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते, तेव्हा धीर करून विषय काढला.

"बाबा, त्या दिवशी ब्रेक वेळेवर लागला म्हणून बरं."

त्यांनी पाण्याचा मग खाली ठेवला.

"वैशू, ब्रेक मी दाबला नव्हता. दाबायचाच नव्हता."

मी तिथेच खाली बसले. तेही शेजारी बसले, सावकाश, गुडघे धरून.

"मग थांबली कशी?"

"मला नाही माहीत. खांद्याला लागलं काहीतरी. तुझी आई होती म्हणू की माझा भास म्हणू, तू काय म्हणशील ते." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पण थांबल्यावर मला बरं वाटलं. तो भास नव्हता. वर पाहिलं तर तू उभी होतीस."

मी खूप रडले. ते तसेच बसून राहिले.

वाचकांपैकी कोणाला त्या जाम स्प्रिंगचं कारण सुचलं तर जरूर कळवा, मी मनापासून वाचेन. मला अजून सापडलेलं नाही. बाबा आत्ता आतल्या खोलीत आहेत, चष्मा कुठे ठेवला म्हणून प्रशांतवर ओरडून राहिले आहेत.