दर सोमवारचा फोन

आमच्या विभागात क्लिनिकल सायकॉलॉजीची नवी पीएच.डी. सुरू झाल्याची जाहिरात आली आणि माझ्या समोरच्या टेबलावरच्या क्लार्कचा फोन वाजायला लागला. फोन करणाऱ्या बहुतेकांना प्रवेश नको असायचा, उपचार हवे असायचे. ते क्लार्क रुमालाने रिसीव्हर पुसून म्हणायचे, "अहो, हा अभ्यासक्रम आहे, दवाखाना नाही. यातली पोरं शिकून बाहेर पडायला चार-पाच वर्षं जातील." पण फोन स्वतःहून कधी ठेवायचे नाहीत.

हडपसरच्या एक बाई दर सोमवारी आपल्या मुलाबद्दल बोलायच्या. "आज जेवला का?" एवढंच ते विचारायचे.

या सोमवारी बाईंचा फोन आला नाही. संध्याकाळपर्यंत ते मधूनमधून रिसीव्हर उचलून कानाला लावत होते, लाइन बंद तर नाही ना बघायला.

लाइन चालूच होती.