उशाला की पायथ्याला

काटेवाल्या वहिनी वाचायला बसल्या की त्यांचे ओठ हलायचे. बोट ओळीवर, ओठ शब्दावर, आणि कपाळाला आठी. जोंधळे निवडत बसल्यासारखं वाचायच्या, खडा दिसला की थांबायच्या, मागं जायच्या, पुन्हा वाचायच्या. एका पुस्तकाला महिना. वर्षाकाठी दहा-अकरा पुस्तकं, बस्स. आणि मी? मी वर्षाला नव्वद वाचायची. तरी पुस्तकांच्या कपाटापाशी उभी राहून बायका विचारायच्या ते एकच, "हे काटेवाल्या वहिनींनी वाचलंय का? काय म्हणाल्या?" खरं सांगते, त्या वेळी माझ्या अंगाचा जो तिळपापड व्हायचा तो आजही आठवतो.

ही गोष्ट सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीतली. मी मूळची फलटणकडची. आमचे हे ऑफिसात कारकून. वहिनी जतच्या, मेंढरं पाळणाऱ्या घरातल्या. बहात्तरच्या दुष्काळात तिकडं काही उरलं नाही, तेव्हा त्यांचे मालक इकडं आले आणि उसाच्या गाड्यांचं वजन करायच्या काट्यावर लागले. म्हणून त्या काटेवाल्या वहिनी. आमची घरं पाठीला पाठ लावून, परसात मधे कमरेएवढी भिंत. वयानं मोठी असो, लहान असो, प्रत्येक बाईला त्या "आक्का" म्हणायच्या, ती जतची सवय.

क्लबाच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. बुधवारी आणि शनिवारी दुपारी अण्णा नावाचे म्हातारे टाइमकीपर किल्ली घेऊन यायचे आणि पुस्तकं बदलून द्यायचे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं जे काही शिकले ते त्या कपाटानं शिकवलं. म्हणून मला त्याचा अभिमान, आणि अभिमान म्हणून वही. पाडव्याला नवी वही काढायची, रेघा मारायच्या. अनुक्रमांक, पुस्तकाचं नाव, कधी सुरू, कधी संपलं, आणि शेवटी शेरा. शेरा म्हणजे 'वाचनीय', 'बोधप्रद', किंवा 'ठीक'. क्वचित 'अति उत्तम'. लपवायचं कशाला, त्यातली काही पुस्तकं मी पहिली दहा आणि शेवटची पाच पानं वाचून 'संपलं'च्या रकान्यात टाकली होती. आकडा वाढला की बरं वाटायचं.

वहिनींची वही नव्हती. त्यांची वाकळ होती. पाडव्याला जुन्या लुगड्यांचे थर अंथरून त्या नव्या वाकळेचा पाया घालायच्या, आणि पुस्तक संपलं की वरून एक ठिगळ. आवडलेल्या पुस्तकाचं ठिगळ उशाकडं, न आवडलेल्याचं पायथ्याकडं, आणि बरं-वाईट असलं तर मधे पोटावर. कुठलं ठिगळ कुठल्या पुस्तकाचं हे त्यांना बोट ठेवून सांगता यायचं. वर्ष संपलं की वाकळ पुरी. मग त्या ती पांघरायच्या. "पायथ्याच्या पुस्तकाला बी टाकायचं न्हाई आक्का," म्हणायच्या, "पाय बी आपलेच न्हवं?" ही तऱ्हा कॉलनीभर झाली. अण्णासुद्धा पुस्तक हातात देताना चष्म्यावरून बघत विचारायचे, "उशाचं का पायथ्याचं, ते विचारून घेतलंत ना?" माझ्या 'बोधप्रद'ला कोणी विचारीना.

एक नियम मात्र कडक. पुस्तक पुरतं वाचल्याशिवाय ठिगळ नाही. एकदा मीच भिंतीवरून म्हटलं, "वहिनी, एवढं रटाळ आहे म्हणता, मग लावा की पायथ्याला आणि सोडा." तर म्हणाल्या, "अर्धं वाचून ठिगळ लावायचं न्हाई आक्का. माणूस दारातनं आत यायच्या आधी त्याला नावं ठिवल्यावानी हुतंय." माझ्या वहीतली ती दहा आणि पाच पानांची पुस्तकं माझ्याकडं डोळे वटारून बघायला लागली.

त्या वाचायला शिकल्या त्याची गंमतच. लग्न झालं तेव्हा अक्षर येत नव्हतं. काट्यावरच्या रद्द चिठ्ठ्या मालक घरी आणायचे, चूल पेटवायला. त्यावर गाडीवाल्याचं नाव, गावाचं नाव. मालकांना विचारून विचारून त्या नावं ओळखायला लागल्या, आणि नावांवरून अक्षरं. "आदी माणसं वाचली, मग पुस्तकं," असं त्या हसून सांगायच्या. आता असल्या वाक्याला तुम्ही काय कराल? मी सातवी पास, मला असलं एक वाक्य सुचत नव्हतं.

दुपारी भांडी झाली की त्या परसात भिंतीला टेकून बसायच्या आणि त्या सालाचं, मागल्या सालांचं वाचलेलं मला सांगायच्या. फक्त मला. एका कादंबरीबद्दल म्हणाल्या, "दीडशे पानं झाली, ती बाई एकदा बी जेवली न्हाई. नुस्ती उसासं टाकतीया. पोटात काय न्हाई, मग रडायला जोर कुठनं येतो वो?" एका प्रवासाच्या पुस्तकाबद्दल, "ह्यो गडी मुलूखभर हिंडला, देवळं मोजली, डोंगर मोजलं. पर वाटंत कुणाच्या दारात पाणी प्याला न्हाई. मग कसला परवास?" मी ते पुस्तक त्यांच्या आधी वाचलं होतं. शेरा मारला होता 'माहितीपूर्ण'.

त्या वर्षी साठ पुस्तकं झाली आणि एकसष्टाव्याला मी पहिल्यांदा चोरी केली. भिंतीपलीकडून ऐकलेलं त्यांचं बोलणं घरात जाऊन शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं. तसंच नाही हं. धुऊन, इस्त्री करून, शुद्ध मराठीत. लिहिल्यावर वहीचं ते पान असं काही झळकलं म्हणता! मग सवयच लागली, त्यांनी मागल्या सालांत वाचलेली पुस्तकंही मी मुद्दाम बदलून आणायला लागले. त्या सांगायच्या, मी "हो का?" म्हणायची, आणि आमटीला फोडणी देता देता विसरू नये म्हणून मनात घोकत बसायची.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला क्लबात सगळ्या जमलो. मॅनेजरसाहेबांच्या मिसेस उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, यंदा कपाटात नवी पुस्तकं येणार आहेत, आणि ती निवडायला अण्णांबरोबर एक बाई सांगलीला पुस्तकांच्या दुकानात जाईल. ज्यांना जायचं त्यांनी वर्षभरात काय वाचलं ते चार शब्दांत सांगावं.

पुस्तकांचं दुकान! मी जन्मात पाहिलं नव्हतं. कपाटात येतात ती पुस्तकं कुणीतरी निवडलेली, कुणीतरी हाताळलेली. सगळी कोरी पुस्तकं एका जागी, आणि त्यातून मी बोट दाखवीन ते घ्यायचं, या विचारानंच मी पिशवीतली वही चाचपली. दाराशी बसलेल्या काटेवाल्या वहिनींना बायका ढोसत होत्या, "उठा की वहिनी, बोला." त्यांनी पदर तोंडाला लावला. "माजी अकराबी झाली न्हाईत औंदा. आणि उभं ऱ्हाऊन बोलायचं म्हंजे माजं पाय लटपटतात." पण डोळे कसे लकाकत होते ते मी पाहिलं. पाहिलं आणि चटकन उठले. त्यांचे पाय ठरायच्या आत.

मी वही उघडली. एक्याण्णव पुस्तकं म्हणून सांगितलं. बायका नुसत्या "अगं बाई" म्हणाल्या. मग मी एका थोर पुरुषाच्या चरित्राचा शेरा वाचला. "पुरुष थोर आहेत यात शंका नाही. परंतु त्यांची पत्नी चाळिसाव्या पानावर घरात येते आणि दोनशेव्या पानावर वारते. मधल्या एकशेसाठ पानांत ती कुठे होती, हे लेखकाने विचारलेले नाही."

वाणाच्या ताटांवरून बायकांच्या माना वर झाल्या. मग टाळ्या. मॅनेजरसाहेबांच्या मिसेसनी डोळे पुसले. हे बोलणं वहिनींनी दोनच दिवसांपूर्वी भिंतीला टेकून केलं होतं. मी दाराकडं बघायचं टाळत होते, तरी नजर गेलीच. वहिनी टाळ्या वाजवत होत्या. शेजारणीला म्हणाल्या तेही ऐकू आलं, "बराबर बोलल्या आक्का."

मी मोरपंखी पातळ नेसून सांगलीला गेले. दुकानात शिरले. छतापर्यंत पुस्तकं. दुकानदार विचारतोय, "काय दाखवू?" अण्णा म्हणताहेत, "सांगा बाई, काय घ्यायचं?" आणि मला काही म्हणता काही सुचेना. पहिलं पान बघावं, शेवटचं बघावं, ठेवावं. कानाला सवय झाली होती परसातल्या त्या आवाजाची, आणि तो तिथं नव्हता. शेवटी बांधणी बघितली, चित्रं बघितली, आणि तीस पुस्तकं मोजून घेऊन आले.

वहिनींनी त्यातली तीन वाचली, नेहमीसारखी सावकाश, शेवटच्या पानापर्यंत. तिन्ही पायथ्याला. भिंतीवरून म्हणाल्या, "आक्का, पुस्तकं बघून आणलीसा का मोजून? औंदा माजं पाय लय उबदार ऱ्हाणार बगा." मी हसले. आत जाऊन रडले. कॉलनीत आठ दिवसांत सगळ्यांना कळलं, माझी पुस्तकं पायथ्याची.

पाडवा झाला, गळीत हंगाम संपला, आणि वहिनींच्या मालकांनी नोकरी सोडली. जतला सासरे थकले होते, मेंढरांकडं बघायला कोणी नव्हतं. जायच्या दिवशी सकाळी माझ्याच्यानं राहवेना. सरलेल्या सालाची वही घेऊन मी भिंतीपाशी गेले आणि एका दमात सांगून टाकलं, "वहिनी, त्या दिवशी हळदीकुंकवाला मी वाचलं ते तुमचं होतं. आणखी तीस शेरे तुमचेच आहेत."

त्या भांड्यांचं पोतं दाभणानं शिवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कळलं की तवाच."

"मग बोलला का नाही?"

"काय बोलायचं? मला वाचता येतंय आक्का, लिवता कुटं येतंय? माजं बोलणं हितनं वाऱ्यावर जात हुतं. तुमी धरून ठिवलं." दोन टाके घातले. मग हात थांबला. "पर एक सांगू? सांगलीला मला बी न्यायचं हुतं वो. आत न्हाई, दारात हुबी ऱ्हायली असती. मी बी दुकान बघितलं न्हाई कवा."

मी वही पदराखाली घेतली. त्याच म्हणाल्या, "आता आणलीसा तर वाचा की वही. ऐकू द्या." ट्रक यायला तास-दीड तास होता.

आणि आता जे सांगते ते मी कुणाला सांगितलं नाही. एकसष्टाव्यापासून त्यांचं बोलणं सुरू होत होतं. सरळ ते पान काढायचं होतं. त्यांना तेच ऐकायचं होतं, आपलं बोलणं कागदावर कसं दिसतं ते. पण माझ्यातला तो मेला मत्सर! मला वाटलं, आधी माझं ऐकू देत. साठ पुस्तकं माझी आहेत, माझ्या अकलेची आहेत. मी पान उलटलं आणि एकपासून सुरू केलं. नाव, तारीख, 'वाचनीय'. नाव, तारीख, 'बोधप्रद'. त्या मन लावून ऐकत होत्या. मधे एकदाच विचारलं, "आक्का, वाचनीय म्हंजे काय वो? समदीच वाचलीसा न्हवं?" मी रागानं आणखी ठासून वाचलं. मधेमधे त्या मला पुस्तकात काय होतं ते विचारायच्या आणि मी सांगत बसायची, न वाचलेल्यांचंसुद्धा.

बावन्नाव्याला ट्रकचा भोंगा वाजला.

त्या उठल्या, पदर झटकला. म्हणाल्या, "ह्ये बी एक पुस्तकच झालं की. द्या एक ठिगळ." मी आत धावले, ते मोरपंखी पातळ काढलं आणि पदराचा वीतभर तुकडा टरकन फाडला. भिंतीवरून दिला. न राहवून विचारलंच, "कुठं लावणार?"

त्यांनी तुकड्याची चार पदरी घडी केली आणि चोळीत खोचली. "अर्धीच ऐकली न्हवं आक्का. पुरी झाल्याबिगर कसं लावू?"

ट्रक वळणावरून गेला आणि धूळ खाली बसली तरी मी भिंतीपाशीच उभी.

पत्ता माझ्याकडं होता. तरी त्यांचे ते एकतीस शेरे उतरून पाठवायला मला तीन वर्षं लागली. दर पाडव्याला नवी वही काढताना म्हणायची, पाठवू या, आणि मन म्हणायचं, जाऊ दे, तिथं त्यांना काय कमी आहे, असेल कुणी दुसरी शेजारीण भिंतीला कान लावून. त्या न पाहिलेल्या बाईचाही मी हेवा केला. शेवटी एका बैठकीला बसून आधी माझे वाचायचे राहिलेले आठ-नऊ उतरले, मग त्यांचे सगळे लिहिले. इस्त्री मोडून, जसे त्या बोलल्या होत्या तसे, 'हाय'ला हाय आणि 'न्हाई'ला न्हाई. वर त्यांचं नाव घातलं आणि टपालात टाकलं.

उत्तर आलं नाही. येणार कसं? त्यांना लिहिता कुठं येत होतं. माझ्या वह्या आता पेटीत मावत नाहीत, शेऱ्याच्या रकान्यात 'वाचनीय' लिहायचं मी केव्हाच सोडलं. पण पुस्तक मिटून पांघरूण ओढलं की रोज तोच एक प्रश्न. पाकीट पोचलं असलं, त्यांनी ओठ हलवत शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं असलं, तर त्या मोरपंखी तुकड्याची घडी त्यांनी उलगडली असणार. आणि मग, कुठं लावला असेल?